प्रेसखालचा हात

आईचं चित्र मी माझ्याच हातांनी फाडलं. आधी मधोमध, मग आडवं. समोर सातआठ जण गोल करून बसले होते. सर म्हणाले, "अजून फाड. अजून ओळखू येतेय ती." म्हणून मी तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांवरून फाडलं.

आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चित्रात ती आमच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. चेन्नईच्या पश्चिमेला आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात वडील फिटर होते आणि मी त्या क्वार्टरमध्येच वाढले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. चित्रं मी लहानपणापासून काढायचे, पण दाखवायला कोणी नव्हतं. वडिलांना ती आवडायची. म्हणजे ते "छान आहे" म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

दोन हजारनंतरची ती वर्षं. कोरट्टूरच्या पलीकडे एक बंद पडलेली भाताची गिरणी होती. तिथे दर रविवारी सकाळी आमचा गट जमायचा. सर आधी चित्रकला शिकवायचे, भांडून नोकरी सोडली होती. बाकीच्यांत कोणी शाळामास्तर, कोणी कापडाची डिझाइनं करणारी. एक पन्नाशीचे पेंटर होते, जन्मभर सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवलेले. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम एका वर्षात संपलं होतं.

गटात येणाऱ्यानं आपलं सर्वांत जवळचं चित्र सगळ्यांसमोर नष्ट करायचं, हा पहिला नियम. दुसरा, चित्रावर सही करायची नाही. कधीच नाही.

"एकटा माणूस स्वतःचं दुःख गिरवत बसतो," सर म्हणायचे. "शंभर माणसं एका दिशेला बघायला लागली की त्यातल्या एकाच्या हातून चित्र होतं. तो एक कोण, याला काडीची किंमत नाही. सही म्हणजे कुंपण."

मला ते पटलं होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही. आईचे तुकडे सिमेंटच्या जमिनीवर पडले तेव्हा मला रडू आलं नाही, उलट अंग हलकं झालं. त्यानंतरचं वर्षभर मी पिसाटासारखी चित्रं काढली. वहीच्या पानाएवढं काढणारी मी, भिंतीएवढं काढायला लागले. आम्ही एकमेकांच्या चित्रांवर काढायचो, एकमेकांचं पुसायचो, ओरडायचो.

आणि मारामाऱ्याही व्हायच्या. शाळामास्तरांनी एकदा कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, आपलं आद्याक्षर टाकलं होतं. सरांना ते दिसलं. त्यांनी कॅनव्हास भिंतीवरून उतरवला, जमिनीवर ठेवला आणि त्यातून पाय आरपार घातला. मास्तर त्यांच्या अंगावर धावून गेले. दोघं भाताच्या जुन्या पोत्यांवर कोसळले, मास्तरांनी सरांचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. आम्ही ओढून बाजूला केलं तेव्हा सरांचा ओठ फाटला होता आणि ते हसत होते. "हे!" ते म्हणाले. "हे मला कॅनव्हासवर पाहिजे!" मास्तर पुन्हा आले नाहीत. पण त्या दिवशी उरलेल्या आम्ही जे काढलं ते त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं होतं, आणि त्यातली घोड्याची मान माझी होती. रक्त बघून हात मोकळा होतो हे मला तेव्हा कळलं. ते कळल्याची लाज वाटायला पुढे वेळ लागला.

आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी अंबत्तूर इस्टेटमध्ये असायचे. एका प्रेस शॉपमध्ये, ड्रॉइंग सेक्शनला. गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट, दारांच्या बिजागऱ्या असली कामं. तिकडे ओरगडमला गाड्यांचे कारखाने वाढत होते आणि इकडे आमच्या ऑर्डरी. खाली शॉपमध्ये नऊ प्रेस, वर पत्र्याच्या माडीवर आम्ही तिघं. दिवसभर पायाखालची जमीन ठोके द्यायची. चहा कपात थरथरायचा.

तिसऱ्या प्रेसवर अण्णा होते. पंचेचाळिशीचे, रुंद खांद्यांचे, तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. मी मराठी आहे हे कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी डबा घेऊन बसले आणि बोलायला लागले. पहिले दोन दिवस मला निम्मंच कळलं. त्यांच्या मराठीत 'झालं' नव्हतं, 'जालं' होतं, वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचललेलं असायचं. सगळ्यांसमोर ते मला मॅडम म्हणायचे, मराठीत बाळ.

सुट्टीत मी रद्द झालेल्या अमोनिया प्रिंटच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या मोठ्या छापील प्रतींच्या, मागच्या बाजूला कामगारांची चित्रं काढायचे. एकदा अण्णांनी कागद ओढून घेतला.

"हा माणूस राबत नाहीं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नुसता उभा आहे. राबणाऱ्या माणसाचं वजन एका पायावर असतं. तू खालीं येऊन पाहा."

गटात वर्षभर ज्या गोष्टी ऐकल्या त्यांत एवढं साधं, एवढं खरं कोणी बोललं नव्हतं. मी खाली गेले आणि पाहिलं. ते बरोबर होते.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांना एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड रॅम खाली येतो, म्हणजे त्या क्षणी माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. शिवाय समोर लोखंडी जाळी. त्या पावसाळ्यात एका नव्या ब्रॅकेटसाठी सुपरवायझर वर आले आणि म्हणाले, "जाळी काढावी लागेल. नाहीतर पत्रा धरायचं फिक्श्चर बसत नाही."

"मग हात आत जाईल, साहेब."

"दोन बटणं आहेत ना? तू ड्रॉइंग कर."

मी केलं. जाळीशिवायचं. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते, कोणी काढलं, कोणी तपासलं. मी त्यात सही केली. रविवारी सही करणं पाप होतं, सोमवारी सही केल्याशिवाय कागद खाली जात नव्हता. या विसंगतीवर मी गटात एकदा विनोद केला होता आणि सगळे हसले होते.

आठवड्याभरानं खाली गेले तर तिसऱ्या प्रेसचं एक बटण लाकडाची खुंटी ठोकून, वरून टेप गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं. आता एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा. वेळ वाचत होता. मी सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, टार्गेट आहे. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "समद्यांचंच तसं आहे, बाळ." मी माडीवर परत गेले आणि पुढचं ड्रॉइंग लावलं.

सकाळी अकराच्या सुमाराला ते झालं. नऊ प्रेसच्या ठोक्यांची एवढी सवय होती की एक ठोका दबका आला तो मला खुर्चीत बसून कळला. मग एकेक करत बाकीचे आवाज बंद पडले. कोणीतरी ओरडलं. ते अण्णा नव्हते.

मी जिना उतरून धावले. अण्णा उभे होते, वजन एका पायावर. उजवा हात डायमध्ये, रॅमखालच्या साच्यात. रॅम खाली. ते हाताकडे बघत होते, जसं दुसऱ्या कोणाच्या कामात चूक सापडावी तसं. दोघांनी पहार घालून फ्लायव्हील उलटं फिरवायला सुरुवात केली. ते जड चाक अर्धी वीत फिरायचं आणि अडायचं. त्या वेळात रक्त पत्र्याच्या कडेनं वाहत खाली माझ्या चपलांपर्यंत आलं. अण्णा मला म्हणाले, अगदी हळू, "बाळ, हें बंद करा. कोण्ही तरी बंद करा." यंत्र तर बंदच होतं.

हात निघाला. तीन बोटं निघाली नाहीत.

रिक्षात मी त्यांचं कोपर वर धरून बसले. डायमधून मागाहून जे खरवडून निघालं त्याची पुरचुंडी दुसऱ्या हातात होती, ती गरम होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पुरचुंडी उघडून बघितली आणि परत बांधली. जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी मी कारखान्यात परतले तर डाय रॉकेलनं धुऊन काढलेली, खुंटी जागच्या जागी, आणि तिसरा प्रेस चालू. दुसरा एक जण त्यावर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी माडीवर जाऊन माझं ड्रॉइंग काढून बघितलं. रेषा स्वच्छ होत्या. सही होती.

त्यानंतर आठ दिवस कामावरून आल्यावर मी घरात एकच चित्र काढलं. रद्द प्रिंट एकमेकांना चिकटवून हॉलची जमीन झाकली आणि कोळशानं त्यावर हात काढला, माणसापेक्षा मोठा. वडील भिंतीच्या कडेनं चालायचे. कोळसा मोडायचा, कागद फाटायचा, फाटला की मागून चिकटवून पुन्हा काढायचे. सांधे उमटत नव्हते म्हणून मी मुठीनं कागदावर मारलं, इतकं की करंगळी सुजली. वाकडी झालेली बोटं, ताणलेल्या शिरा, तळहात किंचाळणाऱ्या तोंडासारखा. गटाचा विचार एकदाही मनात आला नाही. हे माझं होतं. माझ्या सहीनं गेलेली बोटं मी एकटीनं परत काढत होते. मला तसं वाटत होतं.

आणि मग मी काय केलं? चित्र गुंडाळून रविवारी गिरणीत घेऊन गेले. दुसरीकडे नेणार कुठे?

सर त्याच्यासमोर खूप वेळ उभे राहिले.

"हे आपलं आहे," शेवटी ते म्हणाले.

गिरणीतच प्रदर्शन ठरलं. मी म्हणाले, "सर, या एका चित्रावर मी सही करणार."

"का?"

"कारण त्या दुसऱ्या ड्रॉइंगवर केली आहे." मी त्यांना सगळं सांगितलं, जाळी, खुंटी, चौकट.

ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या अपराधाशी कोणाला काय देणंघेणं? उद्या आणखी शंभर हात जातील. तू हे एका माणसाचं केलंस की ते तेवढ्यावर संपेल. हात गेला म्हणून हे चित्र झालेलं नाही. वर्षभर इथे जे चाललंय त्यातून ते झालंय. नाहीतर तू पोस्टकार्डाएवढी आई काढत बसली असतीस."

आजही त्यातलं निम्मं मला खरं वाटतं. पेंटर मात्र कोपऱ्यातून म्हणाले, "तीस वर्षं सही न करता चाळीस फुटी तोंडं रंगवली मी. ती उतरवून लोकांनी झोपड्यांवर टाकली. सही नसणं म्हणजे काय ते मला विचारा." सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी अण्णांना बोलावलं होतं. त्यांच्या घरी जाऊन, बायकोच्या देखत, "तुमच्यासाठी काही केलंय" असं सांगून. काय केलंय ते सांगितलं नव्हतं.

मी गिरणीत शिरले आणि समोर हात होता. त्याच्यावर, मनगटापासून नखांपर्यंत, लाल ऑइलपेंटनं, रुंद ब्रशनं, तमिळमध्ये लिहिलं होतं: आमचे हात. रंग अजून ओला होता. कोळशाच्या रेषांतून खाली ओघळ आले होते.

मी सरांकडे चालत गेले आणि त्यांच्या तोंडात मारली. त्यांनी माझं मनगट पकडून पिळलं. मी त्यांच्या दंडाला चावले. त्यांनी मला ढकललं आणि माझं कोपर गिरणीच्या लोखंडी नळाला लागून फुटलं. त्याचा वण अजून आहे. ते ओरडत होते, "तुझं! तुझं! तुझं काय आहे त्यात?" पेंटर मध्ये पडले. आम्ही धापा टाकत उभे असतानाच दारात अण्णा दिसले.

इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, उजव्या हाताला बँडेज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चित्राजवळ गेले.

"हें माझं कां?" त्यांनी मराठीत विचारलं.

"होय, अण्णा."

त्यांनी लाल अक्षरं मोठ्यानं वाचली. मग सरांकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "दाखव."

"काय?"

"हात दाखव."

सरांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांना वाटलं असावं की हा माणूस हात हातात घेणार आहे. अण्णांनी डाव्या हाताच्या तर्जनीनं मोजलं. "दहा," ते म्हणाले. "माझी सात." आणि त्यांनी डाव्या मुठीनं सरांच्या तोंडावर मारलं. सर पडले नाहीत म्हणून पुन्हा मारलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. सर पोत्यांवर बसल्यासारखे पडले.

मग अण्णांनी चित्राला हात घातला. एका हातानं फाडता येईना तेव्हा कागदाची कड दातांत धरली आणि मान झटकून फाडलं. कोळसा आणि लाल रंग त्यांच्या हनुवटीला, इस्त्रीच्या शर्टाला लागला. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "आणि तू? तू मला विचारलंस कां?" आणि मलाही एक थप्पड मारली. डाव्या हाताची, नीट न बसलेली. ती मी सगळ्यात जास्त लक्षात ठेवली आहे.

पोत्यांवरून, तोंडातून रक्त गळत असताना, सर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या कापडवाल्या बाईला म्हणाले, "फोटो काढ! हे घे, हे! हेच खरं काम आहे!" तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. पेंटरनी तो तिच्या हातून हिसकला, मागचं झाकण उघडलं आणि रोल उन्हात ओढून काढला. गट त्या दिवशी संपला.

चार दिवसांनी मी विल्लिवाक्कमला अण्णांच्या घरी गेले. माफी मागायला. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, माझ्या कोपराच्या पट्टीकडे बघितलं आणि आत घेतलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच. हात चुकला." ते म्हणाले. "तू त्याला ओरडतांना काढलंस. तो ओरडत नव्हता. त्याला कांहीं कळलंच नव्हतं. बोटं गेलीं तरी अंगठा पत्रा सरकवीत होता. मी पाहिलं ना. आणि खुंटी कोठें आहे?"

"खुंटी?"

"लाकडाची. टेपाची. जाळी नाहीं, तें कोठें दिसतं? तुझा हात कोठूनही तुटला असेल. रेलखालीं. बाँबखालीं. ज्यानं तोडला तें तू काढलंच नाहींस."

ते खरं होतं. आठ दिवस मी दुःख काढलं होतं, माझं दुःख, आणि ज्या गोष्टीवर माझी सही होती तेवढीच वगळली होती. लाल रंग फासून सरांनी जे केलं ते मी त्यांच्या आधीच केलं होतं.

"आतां नीट काढ," अण्णा म्हणाले. "इथें बस. माझ्यासमोर."

तीन रविवार मी त्यांच्या पुढच्या खोलीत चित्र काढलं. ते सोपं नव्हतं. त्यांना वेदना व्हायच्या आणि वेदना झाल्या की ते चिडायचे. बटणाची उंची चुकली म्हणून त्यांनी स्टीलचा पेला भिंतीवर फेकला, ताक माझ्या कागदावर उडालं. "तू माडीवर बसणारी!" ते ओरडले. "तुला खालचं काय ठाऊक!" मीही ओरडले. मी म्हणाले की मला ठाऊक नाही म्हणूनच इथे आले आहे. त्यांच्या बायकोनं दोघांनाही गप्प केलं, नवा कागद लावायला मदत केली. तिसऱ्या रविवारी चित्र झालं. तिसरा प्रेस, जाळीचे रिकामे स्क्रू, खुंटी आणि टेप, आणि मध्ये एक हात, जो कामात आहे. त्यात रक्ताचा थेंब नव्हता. बघवत नव्हतं.

खाली उजव्या कोपऱ्यात मी ड्रॉइंगसारखी चौकट आखली. 'कोणी काढलं' समोर माझं पूर्ण नाव लिहिलं. 'कोणी तपासलं' समोर अण्णांनी डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, वेड्यावाकड्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. त्याला पाच मिनिटं लागली.

पेंटरना मी बोलावलं होतं. ते सकाळच्या शिफ्टच्या आधी मैद्याच्या खळीची बादली घेऊन कारखान्याच्या गेटवर आले. जन्मभर पोस्टरं लावलेला माणूस, दोन हात मारले आणि चित्र लोखंडी गेटवर बसलं. कामगार येऊ लागले. कोणी सायकल धरून, कोणी डबा हातात घेऊन थांबला. कोणी घोषणा दिली नाही. तिसऱ्या प्रेसवर नवा बसलेला माणूस पुढे आला आणि चित्रातल्या खुंटीवर त्यानं बोट ठेवलं. मग तो गेटसमोर खालीच बसला. त्याच्याशेजारी दुसरा बसला.

सुपरवायझर आले. "कोणी लावलं हे?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना चौकट दिसली. त्यांनी माझा दंड धरून मला फरफटत बाजूला नेलं. वॉचमननी चित्र ओरबाडायला सुरुवात केली. अण्णा मध्ये गेले, त्यांना धक्का बसला आणि ते पडले ते उजव्या हातावर. तो आवाज त्यांनी प्रेसखाली काढला नव्हता, तो त्या दिवशी गेटवर काढला. त्यानंतर काय झालं ते तुकड्यांतच आठवतं. माडीच्या काचा फुटल्या. माझ्या टेबलाची काचही. सुपरवायझरांच्या डोक्याला खोक पडली, त्यांचा चष्मा कोणाच्या तरी पायाखाली गेला. पोलीस आले आणि बसलेल्यांच्या नडग्यांवर लाठ्या मारल्या, उभे राहिलेल्यांच्या पाठीवर. पेंटरांची बादली उलटली आणि लोक खळीत घसरून पडत होते.

दुपारपर्यंत एकही प्रेस चालला नाही. संध्याकाळी मालक बोलायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी नऊही प्रेसच्या खुंट्या निघाल्या होत्या. जाळ्या मात्र चारच मशीनना बसल्या. मला घरी पत्र आलं, उद्यापासून येऊ नये. अण्णांना गेटवर वॉचमनची नोकरी देऊ केली गेली. तेव्हा ते जे म्हणाले ते मी लिहीत नाही.

चित्र गेटवर वीस-पंचवीस मिनिटं होतं. त्याचा एकही फोटो नाही.

सर नंतर लोकांना सांगायचे की ते गेट म्हणजे आमच्या चळवळीचं सर्वांत मोठं काम. मला ते ऐकून संताप यायचा. आता तेवढा येत नाही. गिरणीतलं ते वर्ष नसतं तर एवढा मोठा कागद जमिनीवर पसरायची माझी छाती झाली नसती, हे मला कबूल करावं लागतं. पण गटानं मला खुंटी दाखवली नाही, आणि माझ्या एकटीच्या आठ दिवसांनीही दाखवली नाही. ती ज्याची बोटं गेली त्यानं दाखवली, तीही पेले फेकून. आणि कुठल्याही हिशेबात, आईचं ते चित्र फाडल्याबद्दल मी सरांना माफ केलेलं नाही. स्वतःला त्याहून नाही.

अण्णा बायकोला घेऊन तंजावरला परत गेले. मी पाडीच्या एका क्लासमध्ये मुलींना ड्राफ्टिंग शिकवायला लागले. वर्षभर एकही चित्र काढलं नाही. कोळसा हातात घेतला की अण्णांचे दात दिसायचे, कागद धरलेले.

एका रविवारी दुपारी मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"काय काढतेस?" अण्णांचा आवाज.

"काही नाही, अण्णा."

"काहींच नाहीं?"

"जमत नाही."

पलीकडे ते एवढ्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून वडील बाहेर आले. "बोटं माझीं गेलीं! तुझीं कां बसून आहेत?"

फोन त्यांनीच ठेवला. वडिलांनी विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं. ते आत जाऊन उरलेली भांडी घासायला लागले. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. त्यांचं वजन डाव्या पायावर होतं.